भिक्षूची सुई आणि पोलादी हार्डटेल

बौद्ध भिक्षूने जवळ बाळगायच्या वस्तू आठ: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. घरदार, शेतीवाडी, पैसाअडका या सगळ्यावर पाणी सोडून निघालेल्या माणसाच्या यादीत पात्र का आहे हे सांगावं लागत नाही. गाळणंही समजतं, पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत म्हणून ते आहे. विचारात पाडते ती सुई. चीवर आज ना उद्या फाटणारच, हे धरून चाललेल्या लोकांनी ती यादीत घातली. फाटलं की लगेच दुसरं मागायचं नाही, आधी टाके घालायचे, ठिगळ लावायचं. आणि हे काम त्यांनी संन्यासाबाहेरचं मानलं नाही. आपल्याकडे अपरिग्रहावर जे बोललं आणि लिहिलं जातं त्यात ही सुई सहसा दिसत नाही. दिसतात त्या दोन गोष्टी. एक तर आकडा: घरात किती वस्तू आहेत, किती कमी करता येतील. नाहीतर मन: आसक्ती नसली म्हणजे झालं, वस्तू असोत वा नसोत. मला वाटतं, या दोन्हींच्या मधली एक गोष्ट सुटून जाते, ती म्हणजे वस्तूचा स्वतःचा स्वभाव. काही वस्तू मालकाला सुई हातात घ्यायला लावतात, काही घेऊच देत नाहीत. मालकीतून मोह वाढणार की कमी होणार, हे काही अंशी वस्तूच्या या घडणीवरही ठरतं. हे म्हणणं मी पोलादी हार्डटेल माउंटन बाइकच्या उदाहरणावर तपासून बघणार आहे.

उदाहरण मुद्दाम अडचणीचं निवडलं आहे. दूधवाल्याची काळी सायकलही पोलादीच असते, पण तिच्याबद्दल परिग्रहाचा प्रश्न कुणी विचारणार नाही. तिच्यावर त्याचं पोट आहे. हार्डटेलवर कुणाचं पोट नसतं. डोंगरातल्या पायवाटा आणि दगडगोटे चढण्या-उतरण्यासाठी केलेली ही सायकल. पुढच्या चाकाला सस्पेन्शनचा फोर्क, मागच्या चाकाला काही नाही. मागचा त्रिकोण फ्रेमला सरळ जोडलेला, ताठ. फ्रेम बहुतेक वेळा क्रोमोलीची, म्हणजे ज्यात साधारण एक टक्का क्रोमियम, त्याहून बरंच कमी मोलिब्डेनम आणि शेकडा 0.3 च्या आसपास कार्बन असतो अशा पोलादाची. पूर्ण सायकल बारा ते चौदा किलोची. चांगली घ्यायची तर मोटरसायकलची किंमत मोजावी लागते, आणि ती घेऊन माणूस ऑफिसला जात नाही, भाजी आणत नाही, फक्त डोंगरात जातो आणि परत येतो. म्हणजे निव्वळ हौस. अपरिग्रहाची कोणतीही व्याख्या हौसेच्या वस्तूपाशी येऊन टिकली तर तिच्यात दम आहे असं म्हणता येईल. गरजेच्या वस्तूंपाशी सगळ्याच व्याख्या टिकतात.

व्याख्येपासूनच सुरुवात करू. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, परिग्रह ठरवताना वस्तू किती आणि कोणत्या हे विचारलेलं नाही. माणसाला वस्तूविषयी जी मूर्च्छा येते, जी ममत्वाची गुंगी चढते, तिला तिथे परिग्रह म्हटलं आहे. व्याख्या खोल आहे, कारण ती भिकाऱ्यालाही सोडत नाही. एका चिंधीसाठी तो भांडत असेल तर तोही परिग्रही. पण तिचा गैरवापर करायला वेळ लागत नाही. मूर्च्छा आतली, बाहेरून दिसत नाही, म्हणून दहा सायकली भिंतीला टांगलेला माणूस सहज सांगू शकतो की माझी एकीवरही आसक्ती नाही. प्रत्येक श्रीमंताला जनक राजा व्हायची मुभा मिळते. जैन आचार्यांना हा धोका कळत नव्हता असं अजिबात नाही. त्यांनी आतले परिग्रह चौदा सांगितले, मिथ्यात्व आणि क्रोध-मानापासून पुढे, आणि बाहेरचे दहाही सांगितले, शेत आणि घरापासून भांड्याकुंड्यांपर्यंत. आतलं खरं असलं तरी बाहेरचं मोजायचं नाही असं त्यांनी म्हटलं नाही. साधूला सगळंच सोडायला लावलं आणि गृहस्थाला वेगळं व्रत दिलं: परिग्रह-परिमाण. तू सोडू नकोस, पण किती ठेवणार ते आधी ठरव, बोलून दाखव, आणि त्याच्या पुढे जाऊ नकोस. कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रावकांच्या घरांतून हे अणुव्रत आजही घेतलं जातं. हौसेच्या वस्तूचा विचार करायला मला साधूंच्या महाव्रतापेक्षा हे अणुव्रत जास्त उपयोगी वाटतं, कारण ते माणूस गृहस्थ आहे हे मान्य करून बोलतं.

या व्रताच्या चर्चेतला सगळ्यात मजेदार भाग म्हणजे अतिचार, व्रत न मोडता ते वाकवण्याच्या युक्त्या. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्यांची नोंद केली आहे. एकच शेत ठेवीन असं व्रत घेतलेला माणूस शेजारचं शेत विकत घेतो आणि मधलं कुंपण काढून टाकतो. शेत एकच राहिलं. जनावरांचा आकडा ठरवलेला असतो, पण गाभण गाईच्या पोटातलं वासरू त्यात धरत नाही. धन कुणी देऊ केलं तर मुदत संपेपर्यंत तुझ्याकडेच ठेव म्हणतो. सायकलवाल्यांच्या जगात हे सगळं जसंच्या तसं सापडतं. तिथे एक गंमत जगभर प्रसिद्ध आहे: माणसाकडे किती सायकली असाव्यात? सध्या आहेत त्याहून एक जास्त, एन अधिक एक. ही झाली उघड हाव, आणि उघड असल्यामुळे ती तशी निरुपद्रवी. खरा अतिचार असतो तो एकच सायकल असल्याचा अभिमान बाळगणाऱ्याचा. फ्रेम एकच, पण कपाटात चाकांचे तीन जोड, दोन फोर्क, चिखलाचे टायर वेगळे, कोरड्या वाटेचे वेगळे, आणि अजून खोक्यातून न काढलेलं हँडल. मधलं कुंपण काढलेलं शेतच ते. मर्यादा शब्दाने पाळली आणि अर्थाने मोडली. म्हणून नुसता आकडा पुरत नाही, आणि नुसतं मन तर पुरतच नाही. तिसरी कसोटी लागते, आणि ती मला बौद्धांच्या विनयात सापडते.

विनयातल्या चुल्लवग्गाच्या शेवटाकडे कौशांबीच्या उदेन राजाची गोष्ट आहे. त्याच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरं दिली. राजाचं डोकं तडकलं. एवढ्या कापडाचं हा श्रमण करणार काय, दुकान घालणार? तो आनंदाला गाठून एकेक प्रश्न विचारत जातो. चीवरांचं काय करणार? ज्यांची जीर्ण झाली आहेत त्यांना वाटणार. मग जीर्ण चीवरांचं काय? त्यांची अंथरुणावर घालायची आच्छादनं. जुन्या आच्छादनांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची बसकरं. त्यांचं? पायपुसणी. त्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? त्यांचे तुकडे करून मातीत कालवून जमीन सारवायची. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे चीवरं दिली (अपरिग्रह चांगला साधला की परिग्रह वाढायची पाळी येते, हा विनोद लिहिणाऱ्याच्या लक्षात आला असावा असं मला नेहमी वाटतं). इथे राजाला पटलं ते कशामुळे? आनंद चीवरं कमी घेत नाही. माझं मन त्यात गुंतलेलं नाही असंही तो सांगत नाही. या कापडाचा शेवट मला ठाऊक आहे, एवढंच तो दाखवून देतो. ज्याला वस्तूची पुढची प्रत्येक अवस्था माहीत आहे त्याला ती जवळ ठेवण्याचा काही अधिकार आहे. मूर्च्छा म्हणजे तरी काय? वस्तू झिजते, मरते, दुसऱ्याच्या हातात जाते, हे न दिसणं.

आता सायकलीकडे. पोलादी हार्डटेलमध्ये झिजणारे भाग झाकलेले नाहीत. चेनच घ्या. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलीमीटर. नव्या चेनचे चोवीस दुवे मोजले तर पट्टी बरोबर बारा इंच दाखवते. काही महिन्यांच्या धुळीनंतर तेच चोवीस दुवे बारा इंच आणि एक-सोळांश इंच भरतात, म्हणजे सुमारे दीड मिलीमीटरची वाढ. लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा धातू माती-तेलाच्या लगद्याने घासला जाऊन तिथे किंचित जागा झालेली असते, आणि चोवीस ठिकाणच्या त्या किंचित जागांची बेरीज दीड मिलीमीटर होते. या टप्प्यावर चेन बदलली तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचे, दाते वाचतात. दुर्लक्ष केलं तर लांब झालेली चेन दात्यांना आपल्या मापाने कोरते, आणि मग चेनबरोबर कॅसेट जाते आणि पुढचं चक्रही जातं. हे ओळखायला पट्टी पुरते, बदलायला हाताएवढं चेन-टूल. ब्रेकपॅड किती उरले ते वाकून बघितलं की दिसतं. चाकाचा आऊट काढायला स्पोक-की लागते आणि धीर लागतो. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांच्या आसाचा भाग, आट्यांचा असेल तर पान्याने निघतो. आणि पोलाद गंजतं. कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा घाटावरच्या पावसाळ्यात नळ्यांच्या आत पाणी राहिलं तर फ्रेम आतून खाल्ली जाते. सीटपोस्ट काढून सायकल उलटी टांगणं, नळ्यांत आतून तेल फवारणं, बॉटम ब्रॅकेटखालचं पाणी जायचं भोक मोकळं ठेवणं, ही कामं टाळून चालत नाही. पोलादी फ्रेमचा मालक व्हायचं तर तिच्या मरणाची वाट कुठून येते हे माहीत असावं लागतं. उदेनाच्या प्रश्नांना उत्तरं देता येतील अशी ही वस्तू आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो बरोबर आहे. हे सगळं ॲल्युमिनियमच्या हार्डटेललाही लागू होतं. चेन तीच, पॅड तेच. मग पोलादाचा एवढा बडेजाव कशाला? पोलादाबद्दल जे मिरवलं जातं त्यातलं बरंच मला मान्य नाही. पोलादी फ्रेम जिवंत असते, वाट पायांशी बोलते, अशा गप्पा खूप ऐकू येतात. पण त्रिकोणांची बनलेली फ्रेम उभ्या दिशेने फारशी दबतच नाही, मग ती कशाचीही असो. कमी हवेचा जाडजूड टायर जेवढा धक्का पोटात घेतो त्याच्यापुढे फ्रेमचं दबणं हिशेबात धरण्यासारखं नसतं. अंगाला जाणवणारा मऊपणा बहुतेक टायरचा आणि सीटपोस्टचा असतो, श्रेय मात्र धातूला मिळतं. हीच ती मूर्च्छा, आणि पोलादाच्या भक्तांना ती इतरांपेक्षा कमी नाही, उलट साधेपणाच्या वेषात आल्यामुळे जास्त चिवट आहे. पर्यावरणाचा मुद्दाही ताणू नये. जगाच्या सरासरीने एक टन पोलाद तयार होताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पहिल्यांदा गाळलेल्या ॲल्युमिनियमच्या दर किलोमागे त्याहून पुष्कळ जास्त जातो हे खरं, पण भंगारातून पुन्हा गाळलेल्या ॲल्युमिनियमला मूळच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा पुरते. आणि दोन-अडीच किलोच्या फ्रेमवरून पृथ्वी वाचवण्याच्या बाता मारणं बरं दिसत नाही.

उरतो तो फरक थोडा आहे, पण माझ्या मुद्द्याच्या कामाचा आहे. पोलादाला थकव्याची एक हद्द असते: तिच्या खालचा ताण कितीही वेळा आला तरी तत्त्वतः त्याने भेग पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी हद्द नाही, लहान ताणांचीही नोंद साचत जाते. म्हणून त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करून ताणच कमी ठेवतात, आणि नीट केलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमही वर्षानुवर्षं चालतात. पोलाद मोडायच्या आधी बहुधा वाकतं, भेग असेल तर रंग तडकून दिसते, आणि फुटलेली नळी बदलून दुसरी बसवता येते. इथेही अर्धसत्य फार पसरलं आहे की गावातला कोणताही वेल्डर हे करून देईल. चांगल्या फ्रेमची नळी टोकांना 0.8 आणि मध्ये 0.5 मिलीमीटर जाड असते. खिडकीच्या जाळ्या जोडणाऱ्याने त्याच सवयीने आर्क लावला तर भोक पडेल. जाणकार हात लागतो. तरी तो हात कंपनीच्या बाहेर, कुठल्याही शहरात असू शकतो, एवढी मोकळीक पोलाद देतं. कार्बन फायबरची दुरुस्ती होते, चांगली होते, पण आतली इजा बाहेरून दिसेलच असं नाही, आणि आयुष्य संपल्यावर त्या फ्रेमचं काय करायचं याचं सोपं उत्तर अजून कुणाकडे नाही. उदेनाने तिथे पुढचा प्रश्न विचारला असता तर आनंद अडला असता.

दुसरा भाग हार्डटेलपणाचा, आणि तो मला धातूपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मागे सस्पेन्शन नाही याचा अर्थ दगडांच्या उतारावर ही सायकल एका वेगापर्यंतच नेता येते. त्यापुढे ती उसळायला लागते, गुडघे आणि कोपर जितकं घेतील तितकंच. फुल सस्पेन्शनची सायकल तोच उतार जास्त वेगाने आणि जास्त सुरक्षितपणे उतरते. पाठ दुखणाऱ्यांसाठी तर ती सरळ सरळ चांगली. तिची किंमत वेगळ्या जागी द्यावी लागते: मागच्या भागाचे अनेक सांधे, प्रत्येक सांध्यात बेअरिंग, आणि दाबाखालच्या हवेचा शॉक, ज्याची पुरी सर्व्हिस खास अवजारांशिवाय होत नाही. मालकाच्या हातातली सुई काढून घेतली जाते. इथे शहाणा वाचक विचारेल, मग पुढचा फोर्क तरी कशाला? त्यालाही सील असतात, तेल असतं. दोन्ही बाजूंनी ताठ सायकल घ्या. गिअरही काढा. आणि तसं असेल तर सायकलच कशाला, चाला. हा उतार घसरडा आहे हे कबूल, पण परिग्रह-परिमाणाचं सारं शहाणपण याच ठिकाणी आहे. गृहस्थाला कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती एक पाऊल अलीकडे ओढता आली असती म्हणून ती खोटी ठरत नाही. रेघ कुठे, यात थोडी मनमानी असणारच. ती ओढली का, आणि ओढल्यावर पाळली का, यात मनमानी चालत नाही. हार्डटेलचं वैशिष्ट्य असं की रेघ नुसती मालकाच्या मनात राहत नाही, ती सायकलीच्या मागच्या त्रिकोणात जोडलेली असते. मोह झाला तरी तिथे शॉक बसवता येत नाही. मन ज्या दिवशी ढिलं पडतं त्या दिवशी वस्तू मर्यादा सांभाळते.

इतिहास मात्र या युक्तिवादाच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. माउंटन बाइकचा जन्म भंगारातून झाला. कॅलिफोर्नियात, मॅरिन काउंटीत, माउंट तमालपाइसच्या परिसरात 1970 च्या दशकात काही तरुण 1930-40 च्या काळातल्या टाकून दिलेल्या जड श्विन सायकली शोधून त्यांवरून डोंगर उतरत. 21 ऑक्टोबर 1976 ला फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. उतार असा की मागच्या चाकातल्या कोस्टर ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. त्या शर्यतीला नाव पडलं रीपॅक. सुई हाच जिथे शर्यतीचा नियम होता! पण 1977 मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी क्रोमोलीची पहिली फ्रेम बांधली, 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला, 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर जपानमधून तयार होऊन बाजारात आली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टाकाऊतून निघालेली हौस महागड्या उद्योगात गेली. ब्रीझची ती पहिली सायकल आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. मग उद्योगाने मापं बदलायला सुरुवात केली. चाकं 26 इंचांची होती, ती 29 झाली, मध्ये 27.5 आली. मागच्या हबची रुंदी 135 मिलीमीटरवरून 142 आणि मग 148 झाली. फोर्कची नळी सरळ होती, ती निमुळती झाली. चाळीस वर्षं टिकेल अशी फ्रेम हातात असून तिला बसणारा चांगला फोर्क पंधराव्या वर्षी मिळेनासा होतो. तेव्हा वस्तूच्या स्वभावावर एवढा भर देणाऱ्याला विचारता येईल: वस्तूचा स्वभाव ठरवतं कोण? धातू की बाजार?

आक्षेप वजनदार आहे आणि त्याला माझं उत्तर अपुरं आहे. पोलादाचा मागचा त्रिकोण काळजीपूर्वक वाकवून काही मिलीमीटर रुंद करता येतो. जुने कारागीर हे थंड अवस्थेतच करतात. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट इतक्या फॅशन येऊन गेल्या तरी उरला, इतकंच नव्हे तर जे त्याला सोडून गेले त्यांतले काही करकर आवाजाला कंटाळून परत आले. पोलादी हार्डटेल बांधणारे छोटे कारखाने मापांची ही घोडदौड हळू करतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक जुने भाग घेऊन येतं. पण ही सगळी बाजाराच्या काठावरची जागा आहे, बाजाराबाहेरची नाही. अपरिग्रह एकट्याने पुरा साधत नाही, तो पाळता येईल अशा वस्तू बनवणारेही लागतात, एवढं यातून निघतं. गांधीजींसमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. 1924 मध्ये दिल्लीत त्यांना विचारलं गेलं, तुमचा सगळ्या यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी अपवाद सांगितला तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. लगेच पुढचा प्रश्न आला: मग ती यंत्रं बनवणारा कारखाना लागेलच की, आणि त्यात मोठी यंत्रं. गांधीजींनी ते मान्य केलं आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत असं म्हटलं. त्यांनी काढलेला मार्ग पटो न पटो, पण हातात धरता येणारं अवजार आणि ते निर्माण करणारी व्यवस्था हे दोन प्रश्न वेगळे ठेवून दोन्हींना सामोरं जायचं असतं, ही त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप धर्माच्या बाजूने येतो: सायकलचा प्रश्न मालकीपाशी संपत नाही, ती ज्या जमिनीवरून जाते तिचाही आहे. जैन साधू ईर्यासमिती पाळतात, चार हात पुढची जमीन बघत, जीव तुडवला जाणार नाही असं पाऊल टाकतात. हार्डटेलवाल्यालाही जमीन सतत बघावी लागते, कुठला दगड सुटा, कुठलं मूळ ओलं, मागचं चाक कुठून काढायचं. या एकाग्रतेला ध्यान म्हणायची हौस अनेकांना असते. मी म्हणणार नाही. साधूची नजर किड्यासाठी असते, सायकलवाल्याची स्वतःच्या मणक्यासाठी. एकाग्रता दोन्हीकडे आहे, पण एकाग्रता तर नेमबाजाकडेही असते. आणि ओल्या मातीत मागचं चाक लॉक करून घसरत जाणारा टायर वाटेला जी चर पाडतो, ती पुढच्या पावसात ओघळ होते. अमेरिकेत रानांचं रक्षण करणाऱ्या 1964 च्या कायद्याने संरक्षित रानात यांत्रिक वाहतुकीला बंदी घातली, 1984 मध्ये तिथल्या वनखात्याने सायकलींचं नाव स्पष्ट घालून ती पक्की केली, आणि खुद्द मॅरिनमध्ये, जिथे हा खेळ जन्मला, बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद आहेत. मला त्या बंदीत फारसा अन्याय दिसत नाही. सड्यांवरच्या पातळ मातीत पावसाळ्यात फुलणारी रानं आपल्याकडेही आहेत, तिथे टायर नेणाऱ्याला सायकल पोलादाची आहे की कार्बनची हे विचारण्यात अर्थ नाही. माझा युक्तिवाद एवढाच दावा करतो की ही वस्तू मालकीचा मोह आवरायला मदत करू शकते. तिच्यावर बसलं की अहिंसा साधते असा दावा तो करत नाही, आणि करूही नये.

विनोबा भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी फिरले. त्यांच्यापुढे कुठलीही सायकल परिग्रहच ठरेल. महाव्रताच्या मापाने पोलादी हार्डटेल नापास आहे, याबद्दल वाद घालण्यात वेळ घालवू नये. अणुव्रताच्या मापाने ती पास होऊ शकते, पण अटी घालून: ती एकच असली पाहिजे, मालकाला तिची झीज वाचता आली पाहिजे, तिच्या मर्यादेबाहेरचा वेग तिच्याकडून मागितला जाता कामा नये, आणि ती उद्या कुणाच्या हातात जाणार हे ठाऊक असलं पाहिजे (फ्रेमला माप असतं, साडेपाच फुटी माणसाची सायकल सहा फुटी पुतण्याच्या कामाची नाही, तेव्हा वारस आतापासून शोधलेला बरा). या अटींतली पहिली सगळ्यात सोपी दिसते आणि सगळ्यात आधी मोडते. म्हणून ज्यांना असं परिमाण घ्यायचं असेल त्यांना एकच विनंती आहे: मोजताना नुसत्या फ्रेम मोजू नका. कपाटातले चाकांचे जोड, खोक्यातला फोर्क आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं हँडल, हेही यादीत लिहा, आणि जे वर्षभर सायकलीवर चढलं नाही ते ज्याला लागतंय त्याला देऊन टाका.